सर्वेशची बॅटरी

कांदिवलीच्या घरात सर्वेशने कॉर्डलेस ड्रिल आणलं ते फक्त एका फळीसाठी. मागच्या खेपेला मालवणहून आलेल्या सासूबाईंनी लोणच्याच्या बरण्या जमिनीवर बघून लेकीला, सुलक्षणाला, विचारलं होतं, "जावयाक खिळो मारूक येता मां?" त्याला ते लागलं होतं. आता रविवारी संध्याकाळी त्या परत येणार होत्या.

ड्रिल निवडायला त्याने आठवडाभर व्हिडिओ बघितले. "सुलू, ही बॅटरी कंपनीच्या सगळ्या मशीनना चालते. पुढचं मशीन नुसतं घ्यायचं, बिनबॅटरीचं. स्वस्तात काम!"

"आधी फळी लाव रे."

पण हे ज्ञान त्याने सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलं. तिथेच वाट लागली.

समोरच्या माणिककाकांनी पॉलिश घासायचं मशीन मागवलं. नुसतं. "बॅटरी दे रे जरा, दरवाजा घासतो." वरच्या धम्मपालने ब्लोअर घेतला. तोही नुसता. "यार, तूच लिहिलंस ना, एकच बॅटरी चालते?" बॅटरी सकाळी ताजीतवानी जायची आणि पार मेलेली परत यायची. चार्जरवर लावून हिरवा दिवा लागला की बेल वाजायचीच.

रविवार आला. फळी सोफ्यामागेच. सोसायटीत दोननंतर ड्रिल बंद, आणि एक वाजता दारात काका नि धम्मपाल दोघं.

"आज माझा नंबर."

"काका, काल पण तुमचाच होता!"

सुलक्षणाने चार्जरवरची बॅटरी काढून पदराआड धरली. "आधी माझी फळी. मग न्या कुठे न्यायची ती."

काकांनी फळी धरली, धम्मपालने भोकं पाडली.

"अरे, मी लावतो ना!" सर्वेश म्हणाला.

"तू मोबाईलचा टॉर्च धर," काका म्हणाले.

संध्याकाळी सासूबाई फळीकडे बघतच राहिल्या. "जावयान लावल्यान?"

"त्याच्याशिवाय झालंच नसतं गं," सुलक्षणा म्हणाली. खोटं नव्हतंच ते. सर्वेशची छाती फुगली.

सासूबाईंनी खूश होऊन पिशवीतून फांद्या तोडायची छोटी करवत काढली. त्याच कंपनीची, कोरी. "तुमचो मेसेज सुलून आमका पण धाडल्यान. बॅटरी नाय हा हेका. तुमची घेवन जातंय."

सर्वेशने पटकन नुकतीच परत आलेली बॅटरी पिशवीत भरली. वर चार्जरही दिला.

त्या गेल्या नि दुसऱ्याच दिवशी बेल वाजली.

"बॅटरी मालवणला गेली, काका."

"मालवणला? कशाला?"

"आंब्याच्या फांद्या तोडायला."

"मग येईल की चार दिवसांत. एखाद-दुसरं झाड असेल."

"बाग आहे, काका," सर्वेश म्हणाला, आणि कधी नव्हे तो निवांत सोफ्यावर आडवा झाला.