निळ्या शर्टाचा सल्ला

मुलाखत कशी द्यावी, हे सल्लाकाकांना विचारावं! खोक्यांच्या कारखान्यात वीस वर्षं गोदाम सांभाळता सांभाळता त्यांनी चार जणांना नोकरीला लावलं होतं. पाचवाही लागणार, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. कारण पाचवे ते स्वतःच होते.

कारखाना बंद पडून चार महिने झाले होते. तेव्हापासून काकू दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेल्या असायच्या. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!" असं त्या एकदा दोरा तोडता तोडता म्हणाल्या, ते काकांच्या जिव्हारी लागलं होतं. आज औषधांच्या गोदामात सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखत होती. आज जमलं नाही, तर काकूंना तोंड कसं दाखवायचं?

काकांचे नियम ठरलेले होते. शर्ट निळा. फाइल डाव्या हातात. दोष विचारला, तर म्हणायचं, "हातातलं काम संपेपर्यंत मला घर आठवत नाही." आणि अर्जात ओळखीचा माणूस म्हणून काकांचा नंबर द्यायचा; ते पहिल्या घंटीला फोन उचलणार, हा त्यांचा शब्द!

वीस मिनिटं आधी काका गोदामाच्या व्हरांड्यात पोचले आणि जागीच थिजले. बाकावर तीन निळे शर्ट बसले होते. तळमजल्यावरचा टेम्पो ड्रायव्हर, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला आणि काकांचा सख्खा भाचा! तिघांच्याही फाइली डाव्या हातात.

"काका! आम्हाला धीर द्यायला आलात?" ड्रायव्हरला अगदी भरून आलं.

"म्हणजे काय! येणारच!" काकांनी स्वतःची फाइल पाठीमागे लपवली.

तेवढ्यात शिपाई डोकावला आणि चार निळे शर्ट बघून म्हणाला, "एसी दुरुस्तीला एकाला बोलावलं होतं. चौघं कशाला आलात?"

एकेक जण आत जाऊ लागला. दार धड लागत नव्हतं, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. पहिला म्हणाला, "घर आठवत नाही." दुसरा म्हणाला, "घर आठवत नाही." तिसऱ्याच्या वेळी आतून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"चौथे कोण आहेत?" शिपायाने विचारलं.

काका उठले. "मामा, तुम्हीसुद्धा?" भाच्याने आ वासला.

आत मॅनेजरबाई वैतागून बसल्या होत्या. "तुमचा दोष काय?"

काकांना एकच उत्तर पाठ होतं आणि ते तिघांनी वापरून झालं होतं. "मला... पाच वाजले की घर फार आठवतं!"

बाईंनी मान वर केली. "थांबा जरा. त्या तिघांनी ओळखीचा म्हणून एकच नंबर दिलाय. आधी त्या गृहस्थालाच विचारते, हा काय प्रकार आहे!"

शिष्यांसाठी म्हणून आज त्यांनी फोन चालूच ठेवला होता. खिशात घंटी वाजली आणि सवयीने हात गेला. "हॅलो, सल्लाकाका बोलतोय!"

एकाच टेबलाशी दोघं समोरासमोर, कानाला फोन लावून बसले.

"तुम्हीच का ते?" बाई फोनवरच म्हणाल्या.

"मीच," काकाही फोनवरच म्हणाले.

"मग खरं सांगा. तिघांत कामाचा कोण?"

"ड्रायव्हर."

"तुमच्यापेक्षाही?"

काकांना मशीनवर वाकलेल्या काकू दिसल्या. नुसतं 'नाही' म्हटलं की नोकरी आपली! पण माणसाची ओळख द्यायची म्हटल्यावर आजवर ते कधी खोटं बोलले नव्हते, आणि आत्ताही जीभ वळेना.

"माझ्यापेक्षाही. मला खोका उघडून बघावा लागतो. तो नुसता उचलून सांगतो, आत काय फुटलंय ते." एवढं बोलून काकांनी फोन बंद केला. बाईंनी लगेच ड्रायव्हरला पुन्हा आत बोलावलं.

घरी पोचताच काकूंनी मशीन थांबवलं. "लागली का हो नोकरी?"

"लागली." काकांनी चप्पल काढली. "ड्रायव्हरला."

"हा पाचवा," एवढंच काकू म्हणाल्या आणि पुन्हा मशीन चालू केलं. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

संध्याकाळी ड्रायव्हर आला आणि थेट काकांच्या पाया पडला. "काका, मॅडम म्हणाल्या, हाताखाली एक माणूस घे. तुमची मुलाखत मीच घेणार. उद्या दहाला या! फक्त ते घराचं उत्तर नको. आणि निळा शर्ट तर मुळीच नको, मॅडम बघितल्याबरोबर चिडतात."

मशीन थांबलं. काकूंनी उठून स्वतः कपाट उघडलं.

आत पाच शर्ट होते. पाचही निळे!