नवरदेवाच्या मुठीतला चाकू

सावळीरामने देवळाली कॅम्पच्या बाजारात तो चाकू घेतला त्याला चारच दिवस झाले होते, आणि या चार दिवसांत त्याचा उजवा हात खिशाबाहेर फारसा कुणी पाहिला नव्हता. चाकू बोटाएवढा, शिंगाच्या मुठीचा, घडीचा. नखाने ओढला की पातं बाहेर, दाबलं की टक् करून आत. ऑफिसात त्याने तो हेडक्लार्कना दाखवला. ते म्हणाले, "नखं काढायचा का?" बायको मंगलाबाईने तर हातातही घेतला नाही. "याच्यानं मिरची तरी चिरंल का?" एवढंच विचारून ती विळीकडे वळली. आपल्याला जीव की प्राण वाटणारी वस्तू दुसऱ्या कुणालाच आवडू नये, यासारखी तळमळ नाही. सावळीरामने सगळ्या ऑफिसच्या पेन्सिली न विचारता तासून दिल्या, तरी त्याचा जीव शांत होईना.

पाचव्या दिवशी त्याच्या भाच्याचं, पुंजारामचं लग्न होतं. पुंजाराम ओझरला विमानाच्या कारखान्यात मशीनवर होता. वऱ्हाड पंचवटीतून भगूरला निघायचं, ट्रक दारात उभा, आणि ऐन वेळी लक्षात आलं की घरातली कट्यार सिन्नरच्या पाहुण्यांनी त्यांच्या लग्नाला नेली ती परत आणलीच नाही. हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात अक्षता पडेपर्यंत लोखंड हवं, आणि त्याच्या टोकाला लिंबू. त्याशिवाय त्याने उंबरा ओलांडायचा नाही.

"दादा, तुझ्याकडं चाकू हाय ना?" पुंजारामच्या आईने, यशोदाबाईने विचारलं.

चार दिवसांत त्या चाकूची ही पहिली विचारपूस. सावळीरामने तो भर अंगणात टक् करून उघडला, इकडेतिकडे बघितलं, आणि दिला. आपण काय करून बसलो हे त्याला ट्रक नाशिकरोड ओलांडून गेल्यावर कळलं. पातं नवं, लिंबू आंबट, आणि पुंजारामच्या हाताला भलता घाम.

"पुंजा, मूठ घट्ट धरू नको. गंज धरंल."

"बरं, मामा."

"सैल बी सोडू नको. पडंल."

"मग करू काय?"

सावळीरामने आपला चौकड्यांचा रुमाल काढला आणि भाच्याची मूठ चाकूसकट गुंडाळून टाकली. वर नुसतं लिंबू दिसत होतं.

भगूरच्या मांडवात सावळीराम त्या मुठीपासून हातभरही लांब गेला नाही. जेवायला उठवलं तर उठला नाही. नवरीकडच्या एका बाईने नवरदेवाला ओवाळायला जवळ ओढलं, तेव्हा तो कळवळून म्हणाला, "हळू, त्या हाताला धरू नका."

हे नवरीच्या मामाने, भिमाजीने ऐकलं. भिमाजी मोठा संशयी माणूस. ट्रकवर वीस वर्षं काढलेली, त्यामुळे झाकलेल्या मालावर त्याचा विश्वास नव्हता. कारखाना, मशीन, गुंडाळलेला हात आणि घाबराघुबरा मामा ही सगळी जुळणी त्याने मनात केली आणि भावकीत हळूच सांगितलं, "बोट गेलंय नवऱ्याचं." दहा मिनिटांत ती गोष्ट मांडवभर फिरून त्याच्याकडे परत आली, तोवर तीन बोटं गेली होती.

अंतरपाट धरला, गुरुजींनी घसा साफ केला, आणि भिमाजीने अंतरपाटाचं टोक पकडलं.

"आधी मूठ उघडा."

"अक्षता पडायच्या आधी लोखंड हातातून सुटत नाय," यशोदाबाई म्हणाल्या. "आमच्यात चालत नाय ते."

"आमच्यात बोटं मोजल्याबिगर पोरगी देत नाय."

"सहा मिनिटं उरली," गुरुजी घड्याळाकडे बघत म्हणाले.

"हायत माझी बोटं," पुंजाराम म्हणाला, पण त्याचा आवाज इतका रडवेला होता की ऐकणाऱ्यांची उलट खात्रीच पटली. "मामा, तुमी सांगा ना."

सगळा मांडव सावळीरामकडे बघू लागला. भाच्याचं लग्न मोडायची वेळ आली होती, आणि मोडणारा आपणच, हे त्याला कळून चुकलं. लाजेने त्याचे कान तापले.

"बोटं शाबूत हायत," तो म्हणाला. "चाकू माझा हाय. नवा हाय. गंज धरंल म्हणून मीच रुमाल बांधला."

"चाकूपायी?" भिमाजीने विचारलं.

"घडीचा हाय," सावळीराम पुटपुटला.

त्याने रुमाल सोडला. पुंजारामने चाकू तळहातावर तोलून धरला आणि एकेक बोट सरळ केलं. भिमाजीने मोठ्याने मोजलं, पाचापर्यंत. खात्रीसाठी पुन्हा एकदा मोजलं. मग कुणीतरी हसलं, आणि हसू मांडवभर पसरलं.

"मला बी बघू द्या," पलीकडून नवरी म्हणाली. मालन अंतरपाटाखालून वाकली. नवऱ्याचं तोंड बघायची अजून मुभा नव्हती, तिने चाकू बघितला. "किती गोड हाय," ती म्हणाली.

सावळीरामचा ऊर भरून आला. पाच दिवसांत पहिल्यांदा त्या चाकूला कुणी चांगलं म्हटलं होतं.

अक्षता पडल्या. नंतर यशोदाबाईंनी सुनेची ओटी भरली, आणि तांदूळ, नारळ यांच्याबरोबर तो चाकूही घातला, रुमालासकट. "तुला आवडला ना, मग राहू दे. दृष्ट नाय लागायची." ओटीत पडलेलं कुणी परत मागत नाही. सावळीरामने सवयीने खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला.

ज्येष्ठात तो बहिणीकडे गेला. मालनने सरबतासाठी लिंबू कापलं, त्याच चाकूने. पातं लख्ख होतं.

"मामा, जरा मिटून द्या ना. बोट सापडंल माझं."

सावळीरामने चाकू मिटला. मग उघडला. पुन्हा मिटला, पुन्हा उघडला. सरबताचा पेला समोर तसाच होता.

मालन शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या हातात तो चौकड्यांचा रुमाल होता, धुऊन घडी घातलेला, आणि तिची नजर मामांच्या मुठीवरून हलत नव्हती.

"मामा, घट्ट धरू नका," ती म्हणाली. "घाम लागतो."