गाडीचं नाव

हेअर ड्रायर बायकोचा, नायलॉनचा दोरा शिवणाच्या डब्यातला आणि गाडी सासऱ्यांची. या सगळ्यात जावईबापूंचं स्वतःचं म्हणावं असं काही होतं, तर तो फक्त उत्साह.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, तेव्हा सासऱ्यांनी किल्ली जावयाच्या हातावर ठेवली खरी, पण ती सोडायला बराच वेळ घेतला. "आहे तशी सांभाळा," एवढंच म्हणाले. लग्नाच्या बोलणीत "हा काय नाव काढणार!" असं त्यांनी आतल्या खोलीत म्हटलेलं बाहेर स्वच्छ ऐकू आलं होतं. तेव्हापासून बिचारा त्यांच्या तोंडून एक बरा शब्द ऐकायला आसुसलेला होता.

आता गाडीच्या डिकीवर तिच्या नावाची चंदेरी अक्षरं होती आणि त्यातलं मधलं एक गळालेलं. गाडी पुढचा दात पडल्यासारखी दिसायची. ते अक्षर म्हणे गाडी धुणाऱ्याने तोडलं. त्यावरून सासऱ्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, ते टाकलंच. उरलेली अक्षरंही काढून डिकी गुळगुळीत केली तर सासरे खूश होतील, असं जावयाच्या डोक्यात आलं. डोकं रिकामं असलं की असं काहीतरी येतं.

ड्रायरची ऊब लागली, मागून दोरा करवतीसारखा फिरवला आणि अक्षरं टपाटप हातात आली. चिकटलेला गोंद सुटावा म्हणून त्याने ती वाटीभर थिनरमध्ये टाकली. मग फडक्याने डिकी पुसली आणि घोटाळा उघडा पडला. इतक्या वर्षांच्या उन्हाने बाकीचा लाल रंग विटला होता, अक्षरांखालचा मात्र नव्यासारखा होता. नाव निघालं होतं आणि नाव तिथेच होतं, उलट पहिल्यापेक्षा ठळक. त्याने घाईघाईने पॉलिश घासलं, तर ते आणखी उजळलं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"ऐक, बाबांना घेऊन निघालेय. पोचतोच आम्ही." तिने आवाज खाली आणला. "त्यांच्यासमोर गाडीचं नाव काढू नकोस हं. फार लागलंय त्यांना."

"काढलं."

"काय काढलं?"

"नाव."

"कुणासमोर?"

"कुणासमोर नाही. एकटाच होतो. ड्रायरने काढलं."



"माझ्या ड्रायरने?"

"अगं, ते महत्त्वाचं आहे का आत्ता?"

"परत चिकटव. आत्ताच्या आत्ता!"

तो वाटीकडे धावला. अक्षरांची चांदी सुटून तळाशी बसली होती आणि अक्षरं साबणाच्या चिपांसारखी मऊ पडली होती. एका अक्षरासाठी जो माणूस धुणाऱ्याचं तोंड बघत नाही, तो बाकीच्या सगळ्या अक्षरांसाठी काय करेल? किल्ली तर जाईलच, पण पुन्हा या घराची पायरी तरी चढेल का? त्याने गाडी मागे घेतली आणि डिकी भिंतीला टेकवली.

सासरे आले ते थेट गाडीपाशी.

"गाडी उलटी का लावलीत?"

"ऊन लागतं, बाबा."

"ऊन या बाजूला आहे. पुढे घ्या."

"बाबा, आधी वर चला ना, चहा घ्या," मुलगी म्हणाली.

"चहा पळून जात नाही."

गाडी पुढे आली. सासऱ्यांनी लांबूनच डोळे बारीक केले. "वा! अक्षरं चकाचक केलीत की!"

क्षणभर नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. देव भेटल्यासारखं वाटलं दोघांना. पण सासरे जवळ गेले आणि त्यांनी नावावर हात ठेवला. हात सरळ घसरत गेला. पुन्हा परत आला.

"किल्ली," सासरे म्हणाले.

जावयाने गाडीतून उतरून किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "बाबा, चूक माझीच आहे."

"तू वर जा. चहा टाक," त्यांनी मुलीला सांगितलं. ती नवऱ्याकडे दयेने बघत गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर सासऱ्यांनी विचारलं, "कशाने काढलंत?"

"ड्रायर आणि दोरा."

"असं होय! मलाही डिकी अशीच गुळगुळीत हवी होती, म्हणून मी चाकू लावला होता. एकच निघालं." त्यांनी खिशातून रुमाल काढून उलगडला. आत चंदेरी अक्षर होतं. "आज चिकटवायला आणलं होतं."

"पण मग... तो धुणारा?"

"त्याने मला बघितलं होतं. कुठल्या तोंडाने बोलू त्याच्याशी?"

त्यांनी पुन्हा एकदा गुळगुळीत डिकीवरून हात फिरवला आणि किल्ली जावयाच्या हातात दिली. या वेळी ती लगेच सोडली. "शेवटी नाव काढलंत खरं!"

वरून खिडकीतून हाक आली, "बाबा, फार रागावलात का हो?"

सासऱ्यांनी अक्षर पटकन थिनरच्या वाटीत टाकलं आणि जावयाच्या कानाशी लागले.

"आणि जावईबापू, या अक्षराचं हिच्यासमोर नाव काढायचं नाही."