कोसळलेल्या कॉम्प्युटरचे दत्ताभाऊ

सेनगावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीकविम्याचा शेवटचा दिवस, बाहेर ही रांग, आणि माझा कॉम्प्युटर कोसळला. मी बंद करायचं बटन दाबणार, तोच शेजारचे दत्ताभाऊ अनवाणी धावत आले. "वहिनी, थांबा! जाता जाता काय लिहून राहिला ते बराबर लिहू द्या त्याला!"

रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हळूच विचारलं, "कोन गेलं, बाई?"

एकदा माझे मिस्टर गाडीवरून पडले, तेव्हाही लागलं का हे विचारायचं सोडून हे दत्ताभाऊ म्हणतात, "पडायच्या आधी शेवटचं काय केलं ते सांगा." असा राग आला मला!

पण त्यांचं काम कळलं आणि राग गेला. कोसळताना कॉम्प्युटर आपल्या डोक्यातलं सगळं एका फाईलीत ओतून ठेवतो म्हणे. या फाईली नाना तऱ्हेच्या. एकीचं सॉफ्टवेअर दुसरीला चालत नाही. दत्ताभाऊ त्यासाठी सामाईक लायब्ररी लिहीत होते, पुस्तकांची नव्हे, तयार प्रोग्रामची. कुणीही ती आपल्या प्रोग्रामला जोडावी आणि कसलीही फाईल उघडावी. तीही फुकट! पुण्याची नोकरी सोडून चार वर्षं हा माणूस पत्र्याच्या खोलीत बसून आकड्यांनी भरलेला पडदा पोथीसारखा वाचत होता.

"काहून एवढी तकलीफ?" मी एकदा विचारलं.

"एक जुनी फाईल हाय, वहिनी. पुण्यात आमचं मशीन कोसळलं. मी सगळ्यांपुढं म्हनलो, बालाजीची चूक हाय. त्याची नोकरी गेली. फाईल कोनालाच वाचता आली न्हाई तवा."

गेल्या महिन्यात ती फाईल उघडली. दत्ताभाऊंचं जेवणच तुटलं. मग म्हणाले, "हट्टा गावाला येता का? बालाजी तिथंच असतो. एकट्यानं जाववत न्हाई."

बालाजी हळदीच्या ढिगाशी बसला होता. दत्ताभाऊंनी लॅपटॉप उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. "इथं कोसळलं, बाला. ही ओळ माझी व्हती. तुझी न्हाई."

मला वाटलं, हा आता उठून मारतोय. पण तो पडद्याकडं बघतच राहिला.

"मी आजवर समजून राहिलो, माझ्याच हातून झालं. त्या भीतीनं कॉम्प्युटरच सोडला," म्हणाला आणि रडायला लागला. दत्ताभाऊही. मला तरी कुठं आवरलं!

बऱ्याच वेळानं बालाजीनं नाक पुसलं. "पुन्हा सांग बरं, पयल्यापासून."

दत्ताभाऊ त्याला चिकटून बसले आणि वाचायला लागले.