चार खात्यांची फांदी

बाभुळखेडे येथील जिल्हा परिषद शाळेवर चिंचेची एक वाळलेली फांदी ओणवी झाली होती. ही बाब गंभीर होती आणि तिची गंभीर दखल घेण्यात आली. फांदी बैलाच्या मानेएवढी जाड, तिला मध्येच बोटभर चीर गेलेली. वारा सुटला की ती कुरकुरायची आणि खाली पत्र्याच्या वर्गात पहिलीची एकोणीस पोरं माना वर करायची. हन्नाबाई त्यांना पाढे शिकवायच्या; त्यांचं अर्धं लक्ष फळ्यावर, अर्धं पत्र्यावर. शाळा सुटली की त्या मनातल्या मनात देवाचे आभार मानायच्या आणि घरी जायच्या.

वर्ग शेजारच्या पक्क्या खोलीत हलवता आला असता. पण त्या खोलीत मागच्या निवडणुकीचे कागद ठेवले होते, त्या निवडणुकीवर दावा चालू होता आणि दाराला लाखेचं सील होतं. लोकशाही स्लॅबखाली सुरक्षित होती. पोरांची सोय पत्र्याखाली होती.

हन्नाबाईंनी ग्रामपंचायतीला अर्ज दिला. ग्रामसेवक वैजनाथ भाऊसाहेब स्वभावाने भला माणूस. तीनदा स्पर्धा परीक्षेला बसल्यामुळे त्यांना राज्यघटना तोंडपाठ होती. त्यांनी झाडाखाली उभं राहून बाईंना समजावून सांगितलं, की बुंधा रस्त्याच्या पलीकडे गावठाणात आहे, तेवढा आपला. मग फांदी जुन्या रस्त्यावरून जाते, तो राज्याचा. पुढे महामार्गाच्या रुंदीकरणातली नवी पट्टी, ती केंद्राची. आणि टोक शाळेवर, म्हणजे जिल्हा परिषदेचं.

"मग तोडायची कोणी?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांनी मिळून. आन् सगळ्यांनी मिळून करायचं काम म्हंजी परत्येकानं दुसऱ्याची वाट बघायची, बाई. त्यात बेकायदेशीर काय न्हाई."

बाईंनी चारही खात्यांना अर्ज पाठवले. एका कार्यालयाने अर्ज परत केला, कारण अर्जात जिल्ह्याचं नवं नाव होतं आणि शाळेच्या शिक्क्यात जुनं. नेमक्या कोणत्या जिल्ह्यातली फांदी ते स्पष्ट करावं, असा शेरा होता. बाईंनी स्पष्ट केलं. दुसऱ्या कार्यालयाने अर्ज तिसऱ्याकडे वर्ग केला, तिसऱ्याने चौथ्याकडे, आणि चौथ्याने 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' बाईंकडेच. चौदा महिने गेले. पहिलीची पोरं दुसरीत गेली आणि त्यांच्या जागी नवी एकोणीस येऊन बसली.

अखेर संयुक्त पाहणी झाली. चार गाड्या आल्या. टेप लावून फांदीची मोजणी झाली आणि पुढे वाद नको म्हणून तिला रंग देण्यात आले. बुंध्याकडचे पाच फूट हिरवे, ते पंचायतीचे. मग बारा फूट पिवळे, राज्याचे. नऊ फूट पांढरे, केंद्राचे. शेवटचे चार फूट निळे. चीर नेमकी पिवळा आणि पांढरा जिथे मिळतात तिथे होती. ती पलीकडच्याने नोंदवली असेल असं दोघांनीही धरलं, त्यामुळे अहवालात चीर आलीच नाही. फांदीची सर्वसाधारण स्थिती समाधानकारक आहे, एवढं मात्र एकमताने आलं.

आपापला तुकडा तोडायला कोणाचीच ना नव्हती. फक्त पंचायतीने हिरवा तोडला तर पुढचे तिन्ही पडणार, म्हणून तिघांचा ना-हरकत दाखला लागणार. मग टोकापासून सुरुवात करावी, तर निळ्यासाठी शिडी महामार्गाच्या पट्टीवर टेकवावी लागणार, आणि तिथे थांबायला मनाई. सरपंच सूर्यभान आबा म्हणाले, मोठ्या लोकांचं काम आहे, दमानं घ्या. हन्नाबाई दमल्या होत्याच. त्या कोर्टात गेल्या.

तालुक्याच्या कोर्टाने सांगितलं की यात केंद्र आहे, वर जा. वर गेल्यावर चार खात्यांचे चार वकील उभे राहिले आणि फांदी आपली नसल्याचं चौघांनी शपथेवर सांगितलं. मालकीचा प्रश्न गुंतागुंतीचा असल्याने न्यायालयाने अंतिम निकालापर्यंत फांदी 'जैसे थे' ठेवण्याचा आदेश दिला. पुढची तारीख आठ महिन्यांनंतरची मिळाली.

आता गाव खरोखर घाबरलं. कारण फांदी पडली असती तर न्यायालयाचा अवमान झाला असता. जे काम दोन वर्षांत झालं नव्हतं ते दोन दिवसांत झालं: फांदीला टेकू लागला. टेकू पत्र्याला भोक पाडून थेट पहिलीच्या वर्गात, दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये उतरवला होता. त्याला हात लावणाऱ्यावर कारवाई होईल, अशी पाटी शेजारी लावली. पोरांना वाचता येत नसल्याने ती बाईंनी रोज सकाळी प्रार्थनेनंतर वाचून दाखवावी, असं ठरलं.

खिचडी शिजवणाऱ्या भागूबाईंनी एके दुपारी उलथनं हातात धरून ती पाटी बाईंकडून वाचून घेतली. मग वर बघून विचारलं, "बाई, ही पोरांवर पडली तर पोरं कोन्च्या खात्यात जमा व्हतील?"

हन्नाबाईंना रडू आलं. त्यांनी ते पोरांसमोर आवरलं.

रविवारी त्या चर्चमधून परतल्या, तेव्हा चिंचेखाली दोर, करवत आणि भागूबाईंचा भाऊ सहादेव होता. भागूबाई रस्त्यावर उभ्या राहून गाड्या थांबवत होत्या. वीस मिनिटांत चारही रंग खाली आले. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

फांदी कोणाचीच नव्हती तोवर दोन वर्षं गेली. सोमवारी दुपारपर्यंत ती चौघांचीही झाली. पंचायतीचं झाड तोडलं, राज्याच्या मालमत्तेचं नुकसान केलं, केंद्राची वाहतूक अडवली, परवानगीशिवाय शाळेच्या आवारात काम केलं, आणि या सगळ्यावर न्यायालयाचा अवमान. पाचही नोटिसा भागूबाईंच्या नावाने निघाल्या. फांदी धोकादायक होती हे पंधरा दिवसांत सिद्ध करावं, नाहीतर खिचडीचं काम बंद आणि गुन्हा दाखल. अहवालात तर फांदी समाधानकारक होती. तेव्हा दोन साक्षीदार हवेत, असं भाऊसाहेबांनी कायदा बघून सांगितलं.

ग्रामसभा भरली. बाभुळखेड्यात ग्रामसभा म्हणजे रजिस्टर घरोघरी फिरतं आणि लोक चहा पिता पिता सही करतात. यावेळी माणसं आली. हन्नाबाईंनी सगळ्यात आधी हात वर केला. त्या अर्जदार, म्हणजे त्यांचा संबंध आहे, म्हणून त्यांची साक्ष धरता येईना.

"चीर तुमी समद्यांनीच पाह्यली," भागूबाई शांतपणे म्हणाल्या. "रोज पोरं सोडाया येत हुता."

एकोणीस पोरांचे आईबाप जमिनीकडे बघू लागले. आबांना फोन आला, ते बाहेर गेले. कोणी म्हणालं, आपल्याला काय, कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार. कोणी म्हणालं, भागूबाई चांगली आहे हो, पण विचारून करायला हवं होतं. सभा संपली तेव्हा साक्षीदारांच्या दोन्ही ओळी कोऱ्या होत्या, आणि भागूबाई त्या कागदाकडे बघत तशाच बसून राहिल्या.

मुदतीचे अजून चार दिवस बाकी आहेत. फांदीला चीर होती, पोरं खाली बसत होती, हे सगळं तुम्हीही पहिल्या ओळीपासून पाहिलं आहे, आणि तुमचा यात काही संबंध नाही. म्हणजे कायद्याने हवा तसाच साक्षीदार. पूर्ण नाव, पत्ता आणि सही, एवढंच लागतं. भाऊसाहेब पेन घेऊन थांबले आहेत.

काय म्हणालात? घरी विचारून सांगता?