भोपळ्याला वाट करून देताना

हवालदारांना सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवलीही नाही. "गळा तुमचा, हात माझा," असं त्यांनी पहिल्याच तालमीला गाणाऱ्या मंडळींना सांगून टाकलं. "चौतीस वर्षं भरचौकात ट्रक थांबवलेत मी. तुमचा आवाज काय चीज आहे?"

दरवर्षी पिकं घरात आली की वस्तीतली माणसं शाळेच्या हॉलमध्ये जमून गाणी म्हणायची. पिकवणारे, शिवणारे, रस्ते झाडणारे, सगळ्यांचे आभार मानायचे आणि वर्षभराची भांडणं निदान दुपारपर्यंत विसरायची, असा तो कार्यक्रम. यंदा गाणी बसवणाऱ्या बाई ऐन वेळी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, आणि वाहतूक शाखेतून नुकतेच निवृत्त झालेले हवालदार स्वतःहून पुढे झाले.

त्यामागे एक दुखणं होतं, ते फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक. चौतीस वर्षं लोक त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर चालले, पण एकानेही कधी गाडीची काच खाली करून 'थँक्यू' म्हटलं नव्हतं. काच खाली व्हायची ती वाद घालायला. "सगळ्यांचे आभार मानतात," ते एकदा जेवताना म्हणाले, "कुणीतरी एकदा माझेही मानावेत की." बायकोने त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली.

तालमी मात्र फर्मास झाल्या. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. हवालदारांचा डावा हात ताठ झाला की पुरुष गप्प, हलला की सुरू. उजवा हात बायकांचा. हात जितका भरभर, तितकं गाणं भरभर. आणि दोन्ही हात वर गेले की सगळंच ठप्प. बेकरीवाला एकदा मध्येच शिंकला, तर त्याला रांगेतून काढून भिंतीकडेला उभं केलं. "छत कोसळलं तरी नजर माझ्या हातावर," अशी सक्त ताकीद होती. दुसऱ्या ओळीत उभ्या असलेल्या बायकोने एकच अट घातली होती, शिटी घरी ठेवायची.

कार्यक्रमाच्या सकाळी हॉल खच्चून भरला. स्टेजपुढे धान्याच्या पेंढ्या रचल्या होत्या आणि मधोमध एक टेबल रिकामं होतं, कारण तिथे ठेवायचा भोपळा अजून यायचा होता. त्याची वाट न बघता गाणं सुरू झालं. पहिलं कडवं असं काही जमलं की हवालदारांना स्वतःचाच हेवा वाटला.

दुसऱ्या कडव्याला, 'आपण सारे एका घरचे' ही ओळ आली आणि मागचं दार उघडलं. हातगाडीवर पिंपाएवढा भोपळा, आणि त्याच्यामागून शेतकऱ्याची फक्त टोपी दिसत होती. त्याच वेळी बाजूच्या दारातून चहावाल्या मावशी कपांची ट्रॉली घेऊन निघाल्या. हॉलला थोडा उतार होता. "सरका, सरका," शेतकरी ओरडला, आणि हवालदार गर्रकन वळले.

पुढचं त्यांनी केलं नाही, ते त्यांच्या हातांनी केलं. डाव्या हाताने त्यांनी मावशींना अडवलं. पाठीमागे पुरुष गप्प झाले. उजव्या हाताने त्यांनी भोपळ्याला बोलावलं, 'चला, चला, चला'. बायकांनी वेग घेतला. गाडी घाबरत येत होती म्हणून हात आणखी भरभर हलला, आणि 'आपण सारे एका घरचे' हे जात्यात ज्वारी भरडावी तसं ऐकू येऊ लागलं.

"माझा चहा निवतोय," मावशी कडाडल्या.

हवालदारांनी त्यांना सोडलं. पुरुषांनी जिथे थांबले होते तिथूनच इमानाने सुरुवात केली. बायका तोवर दोन कडवी पुढे होत्या. मग ट्रॉली आणि गाडी एकाच जागी येऊ लागल्या, तसे हवालदारांचे दोन्ही हात वर गेले.

सगळं ठप्प झालं. भोपळा थांबला, चहा थांबला, गाणं थांबलं. उशिरा आलेला एक गृहस्थ खुर्चीत अर्धा बसला होता, तो तसाच राहिला. हात खाली घेतले तर काय काय सुटेल, या धास्तीने हवालदारही तसेच उभे.

"अहो," दुसऱ्या ओळीतून बायको कुजबुजली, "हात घ्या खाली. शिंपीभाऊ श्वास घेत नाहीयेत."

हात खाली आले, तशी हातगाडी पुन्हा टेबलाकडे निघाली. गाणं संपलं असं समजून मंडळींनी वाकून नमस्कार केला. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. हवालदारही भरल्या डोळ्यांनी वाकले, आणि वर बघतात तर लोकांची तोंडं भोपळ्याकडे. तो सुखरूप टेबलावर पोचला होता.

चहाच्या वेळी ते खांबाआड जाऊन उभे राहिले. तिथेही एक जण त्यांना शोधत आला. त्याची त्यांनी तीनदा पावती फाडली होती, चेहरा पक्का लक्षात होता.

"हवालदारसाहेब, थँक्यू. अगदी मनापासून."

हवालदार खांबाआडून पुढे आले. "अहो, त्यात काय एवढं. गाण्याबद्दल म्हणताय ना?"

"हो तर," तो म्हणाला. "वेळेवर थांबवलंत."

घरी जाताना हवालदारांनी बायकोला सांगितलं, "आज एक जण स्वतःहून आला. थँक्यू म्हणाला." पुढचं काही ते बोलले नाहीत. बायकोनेही विचारलं नाही. त्यांच्यासाठी चहाचा कप घेऊन ती तेव्हा खांबामागेच उभी होती.