साठ किलो गूळ

टेंभुर्णीच्या रखमाजीनं चाळीस वर्षांची बिडी एका सकाळी सोडली आणि तीन महिन्यांत त्याचं वजन वाढायच्या ऐवजी दीड किलो उतरलं, असं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. न ठेवो. साऱ्या गावासमोर, मारुतीच्या पारावर, कापूस जोखायच्या तराजूत बसून त्यानं ते दाखवून दिलं होतं. तराजू लोखंडाचा होता, आणि लोखंडाला खोटं बोलता येत नाही. पारड्यात बसलेल्याचं मात्र सांगवत नाही.

झालं असं, की रखमाजीचा पहाटेचा खोकला फार वाढला होता. शेजारच्या सोनूबाईच्या कोंबड्यानं तर बांग द्यायचंच सोडून दिलं होतं. आपल्या आधी कुणीतरी गाव उठवतंय, मग आपण कशाला घसा फोडावा, असा त्याचा हिशेब. शेवटी संक्रांतीच्या दिवशी रखमाजीची बायको उषाबाई मारुतीपुढं उभी राहिली आणि मोठ्यानं बोलली, "मारुतराया, ह्यांची बिडी सुटू दे. साठ किलोचा माझा नवरा, हनुमान जयंतीला साठ किलो गुळानं तोलीन अन् गावाला वाटीन. तवर मी गोडाला शिवणार न्हाई!"

हे ऐकून रखमाजीनं बायकोकडं वळून पाहिलं. उषाबाई चहा प्यायची तो चहा नसायचा, पाक असायचा. कपात चमचा उभा राहील इतकी साखर. ती बाई तीन महिने बिनसाखरेचा चहा पिणार, तेही आपल्यापायी!

"अगं, पर तुला एवढं कडक बोलायची काय गरज व्हती?"

"गरज तुमच्या छातीला इचारा. अन् ध्यानात ठिवा, आमच्या माहेरची, परतूरची रीत कडक हाय. देवाला बोललेल्या गुळात मागून भर घालायची न्हाई. गूळ कमी पडला तर पारडं जुळलं न्हाई, नवस फिटला न्हाई. मंग आणखी सालभर मला गोड बंद."

गुऱ्हाळातून साठ किलो गूळ आला. दहा-दहा किलोच्या सहा ढेपी. त्यांना हळदीकुंकू लावून, पोत्यात गुंडाळून आतल्या खोलीत ठेवलं. कापसाचे व्यापारी काकासाहेब तराजू द्यायला तयार झाले, पण जाता जाता त्यांनी पोटावरून हात फिरवत सांगितलं, "रखमाजी, मी मागल्या साली शिगरेट सोडली. तवापासून अठरा किलो वाढलो. चपला कुठल्या घातल्या ते आता बायकोला इचारावं लागतंय. धूर बंद झाला की माणूस फुगतोच. तुमचं काई पारडं जुळत न्हाई बगा."

"छटाकभर वाढलो तर सांगा!" रखमाजी छाती काढून म्हणाला.

बिडी मात्र त्यानं खरंच सोडली. बंडल चुलीत घातलं, काडेपेटी उषाबाईच्या हवाली केली. पण चाळीस वर्षं ज्या तोंडात काहीतरी असायचं, ते तोंड असं मोकळं राहीना. दोन दिवस बडीशेप झाली. मग फुटाणे. फुटाणे नुसते कोरडे लागतात. फुटाण्याबरोबर काय लागतं, ते मराठवाड्यातल्या पोराटोरालाही ठाऊक आहे, आणि ते आतल्या खोलीत साठ किलो पडलेलं होतं.

पहिल्या दिवशी त्यानं बोराएवढा खडा घेतला. देवाला हात जोडून घेतला. दुसऱ्या दिवशी लिंबाएवढा घेतला, तेव्हा हात जोडायला हात मोकळा नव्हता. पुढं पुढं तो उलथनं घेऊनच आत जाऊ लागला. ढेप उलटी करायची, बुडातून कोरायची आणि पुन्हा सुलटी ठेवायची. वरून हळदीकुंकू जिथल्या तिथं. बिडीची तलफ आली की रखमाजी म्हणायचा, "जरा पोती बगून येतो, पाल-बील असंल." दिवसातून वीस वेळा पाल बघणारा माणूस त्या घरानं पहिल्यांदाच पाहिला.

महिन्याभरानं त्यानं एक ढेप सहज उचलली आणि ती एका हातात आली. रखमाजीला घाम फुटला. त्याच संध्याकाळी त्यानं वावरातून गोटे आणले, ढेपींच्या पोकळीत बसवले आणि गूळ पातळ करून वरून लिंपून टाकला. हातानं अंदाज घेतला. बराबर! जेवढं गेलं तेवढं आलं. त्याचा जीव भांड्यात पडला आणि त्या आनंदात त्यानं शेजारची ढेप उलटी केली.

पण गुळाचा चुरा सांडतो, आणि चुऱ्याला मुंग्या येतात. मुंग्यांची रांग उषाबाईनं पाहिली.

"अवो, उंदीर लागलाय गुळाला!"

"न्हाई गं, उंदीर कुठला!"

"मुंग्या का उगंच आल्या? थांबा, चाप लावते."

चाप तिनं लावला, पण कुठं लावला ते सांगितलं नाही. दुपारी आतल्या खोलीतून अशी किंकाळी आली की म्हशीनं दावं तोडलं. उषाबाई धावली. रखमाजी अंगठा धोतरात गुंडाळून नाचत होता.

"काय झालं?"

"इंचू!" रखमाजीच्या तोंडून निघून गेलं. "इंचू चावला!"

झालं! शेजारून सोनूबाई कांदा घेऊन आली, कुणी मंत्र टाकणाऱ्याकडं पळालं, गावच्या जीपवाल्या भारतनं जीप काढली. जाफराबादेपर्यंत भारतनं ती अशी हाणली, की अंगठ्यापेक्षा रखमाजीची कंबर जास्त दुखायला लागली. सरकारी दवाखान्यात नर्सबाईनं अंगठा पाहिला, मग त्याच्याकडं पाहिलं.

"बाबा, इंचवाला चापाच्या पट्टीसारखे दात असतात का?"

"जुना इंचू व्हता बाई."

"काट्यावर उभे राहा. वजन बघू." ती वाकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अडुसष्ट!"

"हळू बोला माय!" रखमाजीनं हात जोडले. "बाहेर मालकीण हाय!"

परतीच्या वाटेवर तो अंगठा धरून जीपमध्ये बसला होता. उषाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. "लई दुखून राह्यलं का?" रखमाजीला खरंच दुखत होतं, पण अंगठ्यात नाही. ही बाई पन्नास दिवस बिनसाखरेचा चहा पीत होती, पहिल्या घोटाला तोंड वाकडं करून दुसरा घोट त्याच्याकडं बघून हसत पीत होती, आणि तिच्या नवसाचा गूळ तो अंगावर घालून हिंडत होता. पारडं जुळलं नाही तर हे तोंड वाकडं करणं आणखी वर्षभर चालणार होतं. नाही, पारडं जुळलंच पाहिजे!

त्यानं त्या दिवसापासून गूळ खायचा सोडला. बिडी सोडण्यापेक्षा हे अवघड गेलं. पण वाढलेलं आठ किलो काही उतरेना. उपवास केला तर उषाबाई म्हणायची, "इंचवानं अशक्तपणा आलाय," आणि दोन भाकरी जास्तीच्या घालायची. तेव्हा एकच मार्ग उरला: आपण आठ किलो वाढलो, तर गुळानंही आठ किलो वाढायचं. म्हणजे आणखी दगड. म्हणजे आणखी कोरणं. पण कोरलेल्या गुळाचं काय करायचं? देवाचा गूळ, टाकवत नाही. शपथ घेतलेली, खाववत नाही. त्यानं तो घमेल्यात भरला आणि म्हशीपुढं ठेवला.

इथून पुढचं तर कुणीच खरं धरत नाही. चौथ्या दिवशी सकाळी उषाबाईनं चहाचा घोट घेतला आणि ती थबकली.

"अवो, चहा गोड लागून राह्यला."

"छे! कसा लागंल?"

"साखर न्हाई टाकली. दूधच गोड हाय!" तिनं कप खाली ठेवला. "देव माझी परीक्षा बगून राह्यला. मी दूधबी सोडलं."

आता ती काळा चहा पिऊ लागली. रखमाजीनं कपाळावर हात मारला आणि म्हशीचा गूळ बंद केला. पण म्हैस ऐकेना. रखमाजी दिसला की हंबरायची, अंगण झाडायला निघाला की मागं चालायची. एकदा तो देवळात गेला तर पायरीशी उभी राहिली. "रखमाजी, म्हशीला माळकरी केली का काय?" लोक विचारायचे.

पाच ढेपी झाल्या. सहावीची पोकळी उलथन्यानं लांबट कोरली गेली होती. तिच्यात गोल गोटा बसेना. हनुमान जयंती तीन आठवड्यांवर आलेली. रखमाजी स्वयंपाकघरात शिरला, इकडं तिकडं पाहिलं, आणि त्याला हवा तसा लांबट, गुळगुळीत, वजनदार दगड समोरच सापडला. चपखल बसला. जणू ढेपीसाठीच घडवलेला.

दुसऱ्या दिवशी उषाबाई ठेचा वाटायला बसली आणि ओरडली, "माझा वरवंटा कुठं गेला?"

"मला काय ठावं? सोनूबाई नेत असती कदी कदी."

बोलून गेला खरा, पण बोललेला शब्द लिंपून टाकता येत नाही. उषाबाई तशीच कुंपणाशी गेली.

"सोनूबाई, वरवंटा दिऊन टाका."

"कोन्चा वरवंटा? मी मिक्सरवर वाटते, मला काय करायचा तुमचा वरवंटा?"

"मंग काय त्याला पाय फुटले?"

"फुटले असतील! तुमच्या घरची म्हैस देवळात जाती, वरवंटा तीर्थाला गेला असंल!"

तीस वर्षांचा शेजार तुटला. सोनूबाईनं पाण्याचा हंडा दुसऱ्या वाटेनं न्यायला सुरुवात केली. रखमाजी रोज दोन्ही बायांची तोंडं बघायचा आणि मनात म्हणायचा, एकदा जयंती होऊ दे, मग सगळं जिथल्या तिथं ठेवतो.

जयंती आली. पारावरच्या लिंबाला तराजू टांगला. एका पारड्यात सहा ढेपी, दुसऱ्यात टोपी नीट करून रखमाजी. काकासाहेब पुढं उभे, पोटावर हात ठेवून. उषाबाईनं डोळे मिटले होते.

दांडी सोडली. गुळाचं पारडं धाडकन खाली गेलं आणि रखमाजी वर, थेट लिंबाच्या फांदीला टोपी लागेपर्यंत!

"आयला!" काकासाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. वजनं घालून पाहिलं. "दीड किलोनं हलका भरला की ह्यो गुळापरीस! रखमाजी, काय खाल्लं राव तुमी?"

"काई न्हाई," रखमाजी वरूनच म्हणाला. "मन घट्ट ठिवलं."

टाळ्या झाल्या, गुलाल उडाला. उषाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. रीतीप्रमाणं पहिली ढेप नवसकरणीनं फोडायची. तिनं कुऱ्हाड उलटी धरून तिचा बोथट तुंबा हाणला. ठण्ण! ढेप दुभंगली आणि गुळात माखलेला एक लांबट दगड घरंगळत काकासाहेबांच्या पायाशी आला.

सारा पार पुढं वाकला.

"मिलावट!" रखमाजी पारड्यातून ओरडला. "गुऱ्हाळवाल्यानं दगड घातले! गरिबाला फशिवलं!"

"देवाच्या गुळात दगड?" काकासाहेब लाल झाले. "भारत, जीप काढ! जल्दी! बगतोच त्या गुऱ्हाळवाल्याकडं!" दहा-बारा जण जीपकडं पळालेसुद्धा. आणि वरून रखमाजी आणखी चेव आणत होता, "सोडू नका त्याला! बिलकुल सोडू नका!"

एवढ्यात सोनूबाई पुढं आली. तिनं दगड उचलला, पदरानं पुसला, उलटासुलटा केला, आणि साऱ्या पाराला ऐकू जाईल असं विचारलं, "काकासाहेब, जाता तर जा. पर त्या गुऱ्हाळवाल्याला एवढं इचारा, का तुझ्या गुऱ्हाळात उषाबाईचा वरवंटा कशाला आल्ता?"

जीपचं इंजिन बंद पडलं. सगळ्या माना वर वळल्या. वर पारड्यात रखमाजी टोपी काढून डोकं खाजवत होता. खाली म्हैस येऊन ढेपीचा तुकडा चाटत होती.

उषाबाईनं वरवंटा पाहिला, म्हैस पाहिली, नवऱ्याचं पोट पाहिलं. गोड दूध आठवलं असावं, जुना इंचूही. ती सोनूबाईकडं वळली. "चुकले बाई मी." मग देवाकडं वळली. "मारुतराया, साठातला गूळ ह्यांच्या पोटात हाय अन् म्हशीच्या. बाहेर कुठं गेला न्हाई. बिडी मातर सुटली, ती खरी. नवस फिटला धर."

आणि तिनं गुळाचा मोठा खडा तोंडात टाकला. तीन महिन्यांनी. डोळे मिटून, गाल फुगवून तिनं तो चघळला, आणि तो विरघळेपर्यंत पारावर कुणी हललं नाही.

"उषे," वरून आवाज आला, "मंग मी उतरू का?"

"उतरा की. घरी चला, च्या ठिवते," उषाबाई म्हणाली. "मला अन् सोनूबाईला गोड. तुमाला बिनसाखरेचा, साठ किलो व्हईस्तोवर."